गावातल्या घराला कागद का नसतो?

प्रश्न : मी नागपूरला नोकरी करतो, लवकरच निवृत्त होईन. पत्नीचं माहेर पांढुर्ण्याजवळच्या एका गावात आहे. तिथे किंवा सौंसरच्या बाजूला एखादं जुनं घर आणि जमलं तर एकरभर शेत घ्यावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. एक घर पसंत पडलं. कवेलूचं छप्पर, पुढे ओटा, मागे सांदवाडी, विहीर शेजाऱ्याशी सामाईक. पण मालकाजवळ ग्रामपंचायतीच्या करपावत्यांखेरीज काहीच नाही. कागद मागितला की म्हणतो, "आमच्या आज्यापासून राहतो आमी इथं, कागद कायले पायजे?" गावातल्या घराला कागद का नसतो? असं घर घ्यावं का? आणि मी महाराष्ट्रातला, शेतकरी नसलेला माणूस मध्य प्रदेशात शेत घेऊ शकतो का?

उत्तर : घर घ्यावं, पण बयाना देण्याची घाई करू नका. मालक बहुधा खरंच बोलतो आहे. त्याच्या आज्याने कागद हरवलेला नाही, तो कधी निघालाच नव्हता. तो का निघाला नाही हे एकदा समजलं, की काय मागायचं आणि कुणाला विचारायचं हेही कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पटवाऱ्याकडचा गावाचा नकाशा उघडून पाहा. शेताशेताला खसरा नंबर आहे, रकबा आहे, धुऱ्याचं प्रत्येक वळण आहे. आणि जिथे गाव वसलंय तिथे मात्र एक कोरा तुकडा, त्यावर फक्त 'आबादी' असं लिहिलेलं. महाराष्ट्रात आपण ज्याला गावठाण म्हणतो तेच हे. त्या तुकड्यात पन्नास घरं असोत की पाचशे, जुन्या नकाशाला ती दिसत नाहीत. नकाशा आणि खसरा तयार झाले ते सारा वसूल करण्यासाठी. शेतावर सारा होता, म्हणून शेत साखळीने मोजलं गेलं. घराच्या जागेवर सारा नव्हता, म्हणून ती कुणाच्या ताब्यात किती आहे हे लिहून ठेवायची गरज सरकारला कधी पडली नाही.

त्यामागे मालगुजारीही आहे. पांढुर्णा-सौंसरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. आबादीची जमीन त्यांच्या मालकीत आली. शेतकरी, सुतार, लोहार, मजूर यांना घरासाठी जागा द्यायची ती मालगुजाराने. कुणब्याला किंवा कारागिराला जागा मिळे ती राहण्यासाठी, आणि गाव सोडून गेलेल्याची जागा बहुधा मालगुजाराकडे परत जाई. अशा व्यवस्थेत घराची खरेदी-विक्री अपवादानेच व्हायची. सगळ्या गावाला ठाऊक असे की हे घर अमक्याचं, आणि तेवढं पुरे होत असे.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वरूड, काटोल, नरखेड हा भाग मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्यात घरोघरी मराठी बोलली जाते, सोयरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात, संत्रं दोन्हीकडचं एकच. पण तेव्हापासून दोन्हीकडच्या घरांना कायदे वेगळे लागू आहेत. तुम्ही नागपूरहून जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, गावठाण हे शब्द डोक्यात घेऊन जाल. तिथे खसरा, बी-१ खतौनी, नामांतरण आणि आबादी यांच्यावर काम चालतं, आणि ते सगळं हिंदीत. बोलणी मराठीत होतील, सही मात्र हिंदी दस्तावर करावी लागेल. तो दस्त शब्दन् शब्द वाचून घ्या.

मध्य प्रदेशाची भू-राजस्व संहिता १९५९ ची. ती २ ऑक्टोबर १९५९ पासून लागू झाली. तिच्या कलम २४६ ने आबादीत घराची जागा ज्याच्या ताब्यात होती, त्याला त्या जागेचा भूमिस्वामी मानलं. म्हणजे तुमच्या मालकाच्या आज्याला हक्क कायद्यानेच मिळाला. फक्त कुणी घरोघरी जाऊन तो लिहून दिला नाही. हक्क खरा आणि कागद नाही, अशी ही स्थिती पुढे साठ वर्षं टिकली. त्या काळात लोकांनी करपावतीला मालकीचा पुरावा मानायला सुरुवात केली. तो तसा पुरावा नाही. पंचायतीने कर घेतला एवढंच ती पावती सांगते. नामांतरणाचंही तेच आहे. महसुली नोंद सारा कुणाकडून घ्यायचा ते ठरवते, त्या नोंदीने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलेलं आहे.

आता तो कागद निघाला आहे, किंवा निघायला तरी हवा. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता आणि मध्य प्रदेशही. गावात घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनने वरून चित्र घ्यायचं, त्यावरून आबादीचा नकाशा करायचा, यादी गावात लावून आक्षेप ऐकायचे आणि मग प्रत्येक घराला पत्रक द्यायचं, अशी ती रीत. मध्य प्रदेशात या पत्रकाला अधिकार अभिलेख म्हणतात. तुमच्या मालकाला सगळ्यात आधी हेच मागा. त्याच्याकडे नसेल तर पटवाऱ्याकडे आणि तहसीलमध्ये चौकशी करा. पत्रक हातात आलं की घराशी उभं राहून ताडून पाहा : चारही बाजूंची नावं, क्षेत्रफळ, सांदवाडी आत धरली आहे की बाहेर राहिली आहे. जुन्या घरांची मागची जागा पुष्कळदा उघडीच असते, कुंपण नसतं, आणि मोजणीच्या दिवशी चुन्याची रेघ कुठे पडली यावर पुष्कळ काही अवलंबून राहतं. तुम्ही विहिरीपर्यंतचे पैसे देत असाल आणि पत्रक गोठ्यापाशीच संपत असेल, तर ते आजच कळलेलं बरं.

या पत्रकाची एक मर्यादा आहे आणि तुमच्या व्यवहाराचा सगळा जोखमीचा भाग तिथेच आहे. ते तयार झालं ताब्यावरून. मोजणीच्या दिवशी घरात जो राहत होता त्याचं नाव त्यावर आलं. तो तिथे एकट्याच्या हक्काने राहत होता की भावाबहिणींच्या वाट्यासकट, हे ड्रोनला दिसत नाही. घर आज्याचं असेल तर त्याचे वारस किती, याचा हिशेब तुम्हालाच करावा लागेल. आज्याची मुलं, त्यांची मुलं, आणि सगळ्या लेकी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटेकरी झाली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. गावात अजून सर्रास म्हणतात, "बहिणींचं काय, त्या तर दिल्या-घेतल्या." त्या वरूडला, काटोलला, मुलताईला नांदत असतील, कदाचित घर विकतंय हेही त्यांना ठाऊक नसेल. त्यांचा वाटा मात्र त्या घरात आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज्याच्या किंवा वडिलांच्या नावावर जे काही असेल त्याचं आधी फौती नामांतरण होऊ द्या, म्हणजे सगळ्या वारसांची नावं वर येतील. मग एकतर सगळ्यांनी मिळून विक्रीपत्रावर सह्या कराव्यात, किंवा ज्यांना वाटा नको त्यांनी नोंदणीकृत हक्कत्याग लिहून द्यावा. साध्या कागदावरची संमती किंवा गावच्या चार लोकांपुढचं बोलणं यातून वाटा जात नाही. आणि जमलं तर त्या बहिणींना तुम्ही दोघं स्वतः जाऊन भेटा. हे मी फक्त कायद्याच्या सोयीसाठी सांगत नाही. जिचं माहेरचं घर तुम्ही घेत आहात तिला ते दुसऱ्याकडून कळावं, हे बरं नव्हे. शिवाय घराबद्दल जे मालक सांगत नाही ते पुष्कळदा बहीण सांगते : कोणती खोली कुणाच्या वाट्याला ठरली होती, शेजाऱ्याशी भांडण कशावरून झालं, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं.

विक्री नोंदणीकृत दस्तानेच झाली पाहिजे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराला हे बंधन १९०८ च्या नोंदणी कायद्याने आहे, तरी खेड्यात अजून स्टँपावर इकरारनामा लिहून, नोटरी करून घरं हातोहात जातात. कुणी मुखत्यारपत्रावर घर देतो म्हणेल. अशा मुखत्यारपत्राने आणि करारनाम्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलं आहे. घर जिथे आहे तिथल्याच उपपंजीयकाकडे नोंदणी व्हायची, म्हणून नागपूरच्या कार्यालयात ती होणार नाही. मध्य प्रदेशात हे काम आता 'संपदा' या संगणक प्रणालीवर चालतं आणि कलेक्टर गाइडलाइनच्या दरावर मुद्रांक ठरतो. उद्या वाद झालाच तर खटलाही तिथेच चालेल आणि अपील जबलपूरच्या उच्च न्यायालयात जाईल, नागपूर खंडपीठात नाही. म्हणून वकील पांढुर्ण्याचा किंवा सौंसरचाच पाहा. नागपूरचा ओळखीचा वकील कितीही चांगला असला तरी त्याचा हात सातबाऱ्यावर बसलेला असतो.

आणखी एक. पांढुर्णा जिल्हा झाला तो ५ ऑक्टोबर २०२३ पासून. त्याआधी पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. त्यामुळे जुन्या दस्तांवर, जुन्या खसऱ्यांवर, बँकेच्या जुन्या बोजावर जिल्हा छिंदवाडा असेल आणि तुमच्या विक्रीपत्रावर पांढुर्णा. यात काही गैर नाही, पण शोध घेताना दोन्ही नावांखाली घ्या. आणि नवा जिल्हा झाला की मुख्य रस्त्याकाठच्या शेतांचे प्लॉट पाडण्याची घाई सुटते. नागपूर-बैतूल महामार्ग किंवा सावनेरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाणारा रस्ता धरून कुणी तुम्हाला स्वस्त प्लॉट दाखवला, तर डायव्हर्जन (शेतजमीन बिगरशेती करणं) झालं आहे का, नगर व ग्राम निवेश विभागाची मंजुरी आहे का, प्लॉट पाडणाऱ्याची कॉलोनायझर म्हणून नोंदणी आहे का, हे विचारा. उत्तर गोलमाल आलं की उठा. तुम्हाला पसंत पडलेलं कागद नसलेलं जुनं घर अशा प्लॉटपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे.

एवढं झालं तरी ते फक्त जागेचं झालं. खेड्यात घर घेणं म्हणजे त्याच्याबरोबरचे येण्याजाण्याचे, पाण्याचे, वापराचे हक्क घेणं. मध्य प्रदेशात गावोगाव दोन जुने कागद असतात, त्यांची नावं शहरी माणसाने सहसा ऐकलेली नसतात : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गुरं कुठे चरतील, माती-मुरूम कुठून घ्यायचा, सरण कुठे, खळं कुठे, हे निस्तार पत्रकात. कुणाच्या शेतातून कुणाला वाट, पाण्याचा पाट कुठून, असे रूढीने चालत आलेले हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये. दोन्ही तहसीलमध्ये पाहायला मिळतात. ते वाचताना गावाचं पूर्वीचं आयुष्य डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि तुमच्या कामाचंही पुष्कळ सापडतं. तुमच्या सांदवाडीतून जाणारी पायवाट फक्त शेजाऱ्याच्या सवयीची आहे की हक्काची, हे तिथे कळू शकतं. वाटेचा वाद उभा राहिला तर संहितेच्या कलम १३१ प्रमाणे तहसीलदार तो पूर्वापार वहिवाट पाहूनच ठरवतो. तुमचा नवा दस्त त्या वहिवाटीला मोडू शकत नाही.

सामाईक विहिरीचं तर दस्तात लिहूनच घ्या. निम्मा वाटा की फक्त पाणी भरण्याचा हक्क, मोटार कोण लावणार, विहीर उपसायची आणि बांधायची वेळ आली तर खर्च कसा. कवेलूचं पाणी कुणाच्या बाजूला पडतं तेही पाहा. पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडत असतील आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल, तर आज कुणी हरकत घेणार नाही. पण तुम्ही छप्पर काढून स्लॅब टाकलात आणि पन्हाळीचं तोंड त्याच बाजूला ठेवलंत, तर त्याच पावसाळ्यात भांडण होईल. दोन घरांमधली भिंत कुणाची हे आजच विचारा. सांदवाडीत जुनं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड असेल तर तेही विचारा. जागा एकाची आणि झाडाचं फळ दुसऱ्याचं, असे हक्क या भागात जुने आहेत आणि गावच्या कुणाच्याही ताब्यात नसलेल्या जमिनीवर लावलेल्या झाडांच्या हक्कांसाठी संहितेत वेगळं कलमही आहे.

हे सगळं सांगणारी माणसं गावात आहेत. कोटवार, जुना पंच, शेजारची म्हातारी, पोळ्याला बैल कोणत्या रस्त्याने तोरणाखाली नेतात हे सांगणारा पोरगा. तुमच्या पत्नीचं माहेर जवळच आहे म्हणता, तर ही चौकशी तिने करावी. तिला लोक जे सांगतील ते तुम्हाला किंवा दलालाला सांगणार नाहीत. आबादीतल्या घराचा कागद आजही अर्धा सरकारी दप्तरात आणि अर्धा गावाच्या आठवणीत असतो. दोन्ही जुळले की घर निर्धास्त घ्यावं. एक बाजू गप्प असेल तर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घराकडे पाहू. पांढुर्ण्याकडची पुष्कळ जमीन काळी, भारी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवरचा पाया घातलेली पक्की भिंत दरवर्षी थोडी थोडी उचलली जाते आणि बसते, म्हणून पाच-सात वर्षांतच तिला तिरप्या भेगा दिसू लागतात. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी खांबांवर उभं असलेलं जुनं घर ही हालचाल बरीच सोसून घेतं. त्याला पाडून सिमेंटचं बांधण्याची घाई करू नका. बांधायचंच ठरलं तर काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत पाया खणा आणि जोत्याच्या पातळीला सलग बीम द्या. सौंसरच्या बाजूला जमीन पालटते. तिथे जुने संगमरवरी आणि मँगनीजचे खडक वर येतात. भूवैज्ञानिकांनी अशा खडकांच्या साऱ्या पट्ट्याला 'सौंसर समूह' हेच नाव दिलं आहे. तिथे पाया सोपा जातो, पण विहीर खणायला जड.

घर दोनदा पाहा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. मेमध्ये विहिरीत किती पाणी आहे ते दोर सोडून बघा. पावसात नाला कुठपर्यंत येतो, गल्लीतलं पाणी कुठे तुंबतं, कवेलू कुठे गळतो, ते दिसेल. लाकडाला वाळवी आहे का, ते चाकूचं टोक रोवून पाहा. पाऊस थांबेपर्यंत घर कुणी घेईल अशी भीती दलाल घालेल. ज्या घराला कागद नाही आणि ज्याचे वारस चार तालुक्यांत पसरलेत, ते इतक्या झटपट जात नाही.

पांढुर्णा शहरातच, जाम नदीच्या काठी घर दाखवलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. दरवर्षी कितीतरी लोक जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. परंपरेवर लोकांची श्रद्धा आहे हे मी जाणतो, आणि तरीही ती दगडांविना व्हावी असं मला मनापासून वाटतं. नदीकाठचं घर घेणाऱ्याने त्या दिवसाची तजवीज आधीच करून ठेवावी.

आता शेत. महाराष्ट्रात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ मध्ये ही अट आहे. मध्य प्रदेशात ती अट नाही. तुम्ही शेतकरी नसलात तरी तिथे शेत घेऊ शकता. मात्र दोन ठिकाणी सांभाळा. विकणारा आदिवासी असेल तर संहितेच्या कलम १६५(६) प्रमाणे आदिवासीबहुल म्हणून अधिसूचित भागात ती जमीन बिगर-आदिवासीला जाऊच शकत नाही, आणि इतरत्र कलेक्टरच्या परवानगीशिवाय नाही. पांढुर्ण्याच्या परिसरात गोंड कुटुंबं पुष्कळ आहेत, पांढुर्णा विधानसभेची जागाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. हा कायदा त्यांच्या जमिनी सावकारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून आहे. कुणी तुम्हाला "नाव आदिवाशाचंच ठेवू, वहिवाट तुमची" अशी पळवाट सुचवली तर तिथेच नकार द्या. दुसरं, सरकारने भूमिहीनाला पट्ट्याने दिलेली जमीन. ती विकायलाही कलेक्टरची परवानगी लागते, आणि सरकारी पट्ट्यावरच्या घरालाही अटी असतात. जमीन मुळात कुठून आली हे कळायला फक्त चालू वर्षाचा खसरा पाहून भागत नाही, जुने खसरेही काढा. शेतावर बोजा आहे का, किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज फिटलं आहे का, हे खसऱ्याच्या कैफियतीच्या रकान्यात पाहा आणि बँकेचा दाखला मागा.

एकर म्हणजे बहुधा मोठ्या खसरा नंबराचा एक तुकडा असेल. त्याचं सीमांकन (हद्द आखणं) आणि बटांकन (तुकड्याला वेगळा नंबर पाडणं) विक्रीपूर्वी करून घ्या. पूर्ण खसरा नंबराची, वाद नसलेली विक्री झाली तर नामांतरण आता सायबर तहसीलमधून तुम्ही अर्ज न करताच होतं. ही सोय २०२४ पासून सगळ्या राज्यात आहे. तुकड्याचं तसं होत नाही. त्याला जुन्या पद्धतीनेच तहसीलची वाट धरावी लागते.

संत्र्याची बाग घेत असाल तर झाडांचं वय, डिंक्या रोगाच्या खुणा आणि पाणी या तीन गोष्टी जाणत्या बागायतदाराला दाखवा. आणि चालू बहार कुणाचा हे विचारा. या भागात बाग फुलावर किंवा कच्च्या फळावर असतानाच व्यापाऱ्याला विकण्याची पद्धत आहे. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आसपास उतरतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुम्ही ऑगस्टमध्ये बाग घेतलीत तर झाडावरचं फळ आधीच कुणा व्यापाऱ्याने उचल देऊन घेतलेलं असू शकतं. तो फळ तोडायला आला की तुम्ही त्याला अडवाल, आणि न्याय त्याच्या बाजूला असेल. विक्रीपत्रात एक ओळ टाकली की हे सगळं टळतं : चालू बहार विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा.

शेतातच घर बांधून राहावं का, असा विचार तुमच्या मनात येईलच. मी गावात राहा म्हणेन. मध्य प्रदेशात शेतीचे आणि गावाचे वीज फीडर वेगळे केलेले आहेत. शेतीच्या फीडरवर दिवसाला दहा तास वीज देण्याचं धोरण आहे, आणि ते तासही पाळीने येतात, कधी रात्रीचे. उतारवयात मेच्या दुपारी पंखा नसलेल्या शेतातल्या खोलीत राहणं सोपं नाही. गावात चोवीस तासांच्या फीडरवर घर असावं आणि शेतात एक खोली, अवजारं ठेवायला आणि जेवण झाल्यावर घडीभर पडायला, एवढं पुरेसं आहे.

कर्ज काढणार असाल तर आधी बँकेत विचारा. आबादीतल्या घरावर कर्ज द्यायला बँका आजवर का-कू करत आल्या, कारण गहाण धरायला कागदच नव्हता. अधिकार अभिलेख असेल तर बोलणी पुढे जातात. बयाना द्याल तेव्हा तो बँकेमार्फत द्या, रोख नको. आणि बयान्याच्या करारात लिहा की फौती नामांतरण आणि सगळ्या वारसांच्या सह्या आणून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, अमुक मुदतीत झालं नाही तर बयाना परत. नोंदणी झाली की त्याच महिन्यात तीन ठिकाणी नाव बदलून घ्या : अधिकार अभिलेखात, पंचायतीच्या करनोंदीत आणि वीजबिलावर. हे मागे पडलं की जुन्या मालकाच्या नावानेच पावत्या फाटत राहतात आणि पुन्हा तीच गुंतागुंत सुरू होते.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो : घर पत्नीच्या नावाने घ्या. मध्य प्रदेशात स्त्रीच्या नावाने खरेदी केली तर नोंदणी शुल्कात सवलत मिळते, हे एक. दुसरं, तिथली माणसं तिला लेक म्हणून ओळखतात. वाटेचा, विहिरीचा, पागोळ्यांचा कुठलाही प्रश्न निघाला तर पंच तिच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलतील तितके जावयाशी बोलणार नाहीत.